गुरुजनांचें प्रगतिपुस्तक

विद्यार्थ्याचें प्रगतिपुस्तक घरीं यावें, वडिलांनीं तें चष्मा लावून वाचावें, आणि गणिताच्या रकान्यापाशीं थांबून मुलाकडे एकवार पाहावें, हा प्रघात आपणां सर्वांच्या चांगल्या परिचयाचा आहे. परंतु शिक्षकाचें प्रगतिपुस्तक विद्यार्थ्यांनीं भरावें, आणि तें शिक्षकाच्या घरच्या वडीलधाऱ्या मंडळींनीं चिंतातुर होऊन वाचावें, हा योग आमच्या घरीं अलीकडेच येऊं लागला आहे. माझ्या थोरल्या बंधूंची धाकटी सून दौंड तालुक्यांतील एका अभियांत्रिकी महाविद्यालयांत संगणकशास्त्र शिकविते. आम्ही सर्व शिरूरला राहतों आणि आमची चूल अद्याप एकच आहे. त्यामुळें तिच्या महाविद्यालयांत जें घडतें तें रात्रीच्या पानावर सर्वांस कळतें. दर सत्राच्या अखेरीस तेथें प्रत्येक शिक्षकाविषयीं विद्यार्थ्यांचा अभिप्राय मागवितात. तो गूगल फॉर्मवर निनांवी भरावयाचा असतो. मग त्याची सरासरी काढून एक कागद शिक्षकाच्या हातीं देतात. गेल्या मार्गशीर्षांत सूनबाईच्या हातीं जो कागद पडला, तो चांगला नव्हता. पांचांपैकीं कसेबसे तीन, आणि खालीं मुलांच्या टीकेच्या दोन पुरवण्या.

तिची नेमणूक करारावरची आहे. करार पुढें चालू ठेवावयाचा कीं नाहीं हें ठरवितांना हा कागद समोर ठेवण्यांत येतो. घरांतील दोन मुलांच्या शिक्षणाचा खर्च तिच्या वेतनांतून चालतो. तेव्हां हा प्रश्न आम्हांला केवळ वादविवादाच्या हौसेपुरता राहिलेला नाहीं, एवढें प्रारंभींच सांगून टाकतों.

ज्या विषयाबद्दल तिला हे गुण मिळाले त्याचें नांव सॉफ्टवेअरची रचना. पुण्याच्या विद्यापीठाच्या—जें १९४९ सालीं स्थापन झालें व २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचें नांव धारण करतें—संगणक शाखेच्या २०१५ सालच्या अभ्यासक्रमांत ‘सॉफ्टवेअर मॉडेलिंग अँड डिझाइन’ असा स्वतंत्र विषयच तिसऱ्या वर्षास होता. पुढील आराखड्यांत नांवें व जागा बदलल्या, गाभा तोच राहिला. मला स्वतःला या विद्येंत गति नाहीं. मीं छत्तीस वर्षें माध्यमिक शाळेंत गणित शिकविलें. परंतु तिनें मला समजाविलें तें असें: गवंडी वीट किती ओळंब्यांत बसवितो ही एक गोष्ट, आणि माजघर कोठें असावें, न्हाणीचें पाणी कोणीकडे काढावें, पुढें मुलांचीं लग्नें होऊन वर मजला चढवावा लागला तर ही भिंत तो भार सोशील काय, ही गोष्ट निराळी. संगणकास आज्ञा लिहिणें हें विटा रचण्यासारखें. त्या आज्ञांची घरें कशीं पाडावयाचीं, कोणत्या घरानें कोणतें गुपित आपल्यापाशीं ठेवावयाचें, ही रचना. तुलना केवळ माझ्या सोयीची नव्हे. क्रिस्टोफर अलेक्झांडर नांवाच्या वास्तुविशारदाचे इमारतींच्या रचनेविषयींचे विचार संगणकवाल्यांनीं आवर्जून उचलले, आणि १९९४ सालीं चार लेखकांनीं मिळून लिहिलेला या विषयांतील प्रसिद्ध ग्रंथ त्याच वाटेनें गेला.

‘गुपित’ हा शब्द मीं वापरला तो विचारपूर्वक. डेव्हिड पार्नास या पंडितानें १९७२ सालीं एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. त्यांत त्यानें एकच लहान काम दोन प्रकारें विभागून दाखविलें आहे. पहिल्या प्रकारांत कामाच्या क्रमानें घरें पाडलीं: आधीं हें, मग तें, मग पलीकडचें. कोणालाहि प्रथम हीच विभागणी सुचते. दुसऱ्या प्रकारांत त्यानें विचारलें कीं, या कामांतील कोणता निर्णय उद्यां बदलण्याचा संभव आहे? जो बदलण्याजोगा, तो एका घरांत कोंडावा, आणि इतर घरांस त्याचा पत्ता लागूं देऊं नये. मग बदल आला तर एकच दार उघडावें लागतें. आमच्या वहिनींना हें मीं सांगूं लागलों तेव्हां त्या म्हणाल्या, “एवढ्यासाठीं अमेरिकेला कशाला जायला हवें? मिसळणाच्या डब्यांत तिखटाची वाटी वेगळी असते ती कशाकरतां? सगळें एकत्र कालवून ठेवलें तर पाहुण्यांपैकीं एकाला तिखट चालत नाहीं म्हणून सारा डबा ओतावा लागेल.” पार्नास यांच्या निबंधाचें इतकें सुटसुटीत भाष्य दुसरें असेल असें मला वाटत नाहीं.

आतां अडचण अशी कीं, बदल येईपर्यंत दोन्ही रचना सारख्याच चांगल्या दिसतात. किंबहुना पहिली अधिक सरळ दिसते. म्हणून हा विषय फळ्यावर लिहून देतां येत नाहीं. विद्यार्थ्यानें स्वतः रचना करावी, तिच्यावर बदलाचा घाव पडावा, ती मोडावी, आणि मग पुन्हां करावी, यावांचून तो अंगीं लागत नाहीं. स्टॅनफर्ड विद्यापीठांत जॉन औस्टरहाउट यांनीं हा विषय याच प्रकारें शिकविला. इंग्रजी निबंधलेखनाच्या वर्गांत जसें लिहावयाचें, टीका ऐकावयाची आणि पुन्हां लिहावयाचें, तसें त्यांनीं संगणकाच्या बाबतींत केलें. वर्ग लहान ठेवला आणि विद्यार्थ्यांचें काम ओळ न् ओळ स्वतः वाचलें. त्या अनुभवावरचें त्यांचें पुस्तक २०१८ सालीं निघालें. सूनबाईच्या वर्गांत साठांवर मुलें आहेत, हा फरक लक्षांत ठेवावा.

तिनें मुलांना जो प्रश्न घातला तो दूध संकलन केंद्राचा. शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत उसाखालोखाल घरांत रोख पैसा येतो तो दुधाचा; तिच्या वर्गांतील निम्म्या मुलांनीं लहानपणीं किटली घेऊन डेअरीवर रांग धरलेली आहे. सकाळ-संध्याकाळ दूध घालावयाचें, लिटर मोजावयाचे, फॅट पाहावयाची, दरपत्रकावरून दर लावावयाचा, आणि दर दहा दिवसांनीं पशुखाद्य व उचल वजा करून बिल करावयाचें. चौघांचा एक गट, अशा गटांनीं या साऱ्याची रचना तीन आठवड्यांत करून आणली. चित्रें सुबक होतीं. तीं सर्व हातीं आल्यावर सूनबाईनें वर्गांत जाहीर केलें कीं, आतां केंद्र म्हशीचेंहि दूध घेऊं लागलें आहे. शिवाय दर केवळ फॅटवर न ठरतां फॅट आणि एस. एन. एफ. या दोहोंवर ठरेल. जाणकारांस ठाऊकच आहे कीं गायीच्या दुधाचा भाव साडेतीन फॅट व साडेआठ एस. एन. एफ. धरून बोलला जातो आणि म्हशीचा सहा व नऊ धरून. म्हणजे दरपत्रकेंच दोन झालीं. “तुमच्या रचनेंत किती ठिकाणीं हात लावावा लागेल तें लिहून द्या, आणि दुरुस्त करून आणा,” असें तिनें सांगितलें.

बहुतेक गटांनीं दराचा हिशेब सात-सात, आठ-आठ ठिकाणीं पेरून ठेवला होता. बिलांत दर, पावतींत दर, महिन्याच्या गोषवाऱ्यांत पुन्हां दर. एका गटास मात्र एकाच ठिकाणीं दुरुस्ती पुरली. हा गट हुशार मुलांचा नव्हता. त्यांतील एका मुलाच्या चुलत्याचें केंद्र होतें आणि दरपत्रक किती वेळां बदलतें हें त्यानें डोळ्यांनीं पाहिलें होतें. या एका गटाची आणि इतरांची चित्रें शेजारीं शेजारीं ठेवून तिनें जो तास घेतला तो, तिच्या मतें, तिच्या साऱ्या सत्रांतील सर्वोत्तम तास होता.

अभिप्रायाच्या कागदावर नेमकें याच तासाबद्दल सर्वांत कडवट लिहिलें होतें. ‘मॅडम आयत्या वेळीं प्रश्न बदलतात.’ ‘पूर्ण केलेलें काम पुन्हां करायला लावतात.’ ‘नोट्स देत नाहींत.’ ‘विद्यापीठाच्या परीक्षेंत दुधाचा प्रश्न येत नाहीं.’ त्याच मजल्यावर दुसरे एक प्राध्यापक मागील दहा प्रश्नपत्रिकांचीं उत्तरें सांगून लिहून घेतात. त्यांस साडेचारांहून अधिक गुण पडले. त्यांची थट्टा करण्याचें मला कारण नाहीं. त्यांचे विद्यार्थी उत्तीर्ण होतात. आणि ज्या घरानें कर्ज काढून मुलाला अभियंता करावयास धाडलें, त्या घरीं ‘पास झाला’ या दोन शब्दांचें मोल पुण्याच्या सदाशिव पेठेंत बसून करतां येणार नाहीं.

आमच्या दादांचें आयुष्य बँकेंत गेलें. आंकड्यावर त्यांचा विश्वास. ते म्हणाले, “अरे, साठ मुलांनीं एक सांगितलें आणि आपण घरचीं पांच माणसें दुसरें सांगतों. साठांचें खोटें कसें म्हणावें?” प्रश्न रास्त होता. म्हणून मीं या विषयावर जें वाचावयास मिळालें तें वाचून काढलें.

विद्यार्थ्यांनीं शिक्षकांस गुण देण्याची रीत कालची नव्हे. पर्ड्यू विद्यापीठांत हर्मन रेमर्स या मानसशास्त्रज्ञानें १९२०–३० च्या दशकांतच त्यासाठीं मोजपट्टी तयार केली होती. (आमच्या शाळेंत हा अभिप्राय मागल्या भिंतीवर कोळशानें लिहिला जाई, आणि तोहि निनांवीच असे.) आपल्याकडे उच्च शिक्षणाचें मूल्यांकन करण्यासाठीं १९९४ सालीं बंगळूर येथें ‘नॅक’ स्थापन झाली, तिच्या २०१७ सालच्या सुधारित पद्धतींत विद्यार्थ्यांच्या समाधानाची २१ प्रश्नांची प्रश्नावली आली. ती एकेका शिक्षकाकरितां नव्हे, साऱ्या संस्थेकरितां. पण महाविद्यालयें आपापले फॉर्म तयार करतांना तिच्याकडे पाहतात. तींतील पहिलाच प्रश्न असा कीं, वर्गांत अभ्यासक्रम किती पुरा झाला? ज्या शिक्षिकेनें एक धडा दोनदां करावयास लावला, तिचा पहिल्याच पायरीवर पाय घसरणार हें उघड आहे. शेवटचा प्रश्न मात्र मला फार आवडला: सुधारणेसाठीं तीन निरीक्षणें किंवा सूचना लिहा. तेथें आंकडा नाहीं, बोलणें आहे.

दादांच्या प्रश्नाचें खरें उत्तर मला एका सैनिकी विद्यालयांत सापडलें. अमेरिकेच्या वायुदलाच्या विद्यालयांत विद्यार्थ्यास शिक्षक निवडतां येत नाहीं. कोण कोणत्या वर्गांत बसेल हें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें ठरतें, आणि परीक्षा सर्वांस एकच असते. अशी सोय संशोधकांस क्वचित् लाभते. कॅरेल आणि वेस्ट या दोघांनीं तेथील नोंदी तपासून २०१० सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या शिक्षकांस विद्यार्थ्यांनीं अधिक गुण दिले त्यांच्या वर्गाचा त्या वेळचा निकाल चांगला लागला. परंतु तींच मुलें पुढच्या, त्याहून कठीण विषयांत गेलीं तेव्हां मागें पडलीं. आणि ज्यांच्याबद्दल कुरकुर होती त्यांचे विद्यार्थी पुढें सरसावले. २०१७ सालीं उटल व त्यांचे सहकारी यांनीं अशा अनेक अभ्यासांची एकत्र छाननी केली, तेव्हां शिक्षकास मिळालेले गुण आणि विद्यार्थ्यानें मिळविलेलें ज्ञान यांत म्हणण्यासारखा संबंधच आढळला नाहीं.

हें ऐकून वहिनी पानांवर तूप वाढतां वाढतां म्हणाल्या, “जेवून उठतांना मिठाचें कळतें. पचलें कीं नाहीं तें दुसऱ्या दिवशीं कळतें.” दादा बराच वेळ कांहीं बोलले नाहींत, मग म्हणाले, “पण मिठाचें तर कळतें ना?”

त्यांच्या या वाक्यानें चर्चेला निराळें वळण लागलें, आणि तें योग्यच होतें. विद्यार्थ्यास कांहीं गोष्टी इतर कोणाहून चांगल्या कळतात: शिक्षक वेळेवर येतो कीं नाहीं, त्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोंचतो कीं नाहीं, वह्या तपासून परत मिळतात कीं नाहीं, एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा असें होतें कीं काय. आपण शिकलों किती, हें मात्र त्याला त्या दिवशीं कळत नाहीं. दोन्ही प्रश्न एकाच कागदावर घालून त्यांची सरासरी काढणें म्हणजे उंची आणि वजन यांची बेरीज करून मुलाची प्रकृति सांगण्यासारखें आहे.

म्हणून आम्हीं तो कागद पुन्हां पुढें ओढला आणि सरासरी बाजूस ठेवून केवळ वाक्यें वाचलीं. या वेळीं मला सूनबाईची बाजू घ्यावीशी वाटेना. एकानें लिहिलें होतें: ‘आमच्या घरीं गायी आहेत, लॅपटॉप नाहीं.’ रचनेचीं चित्रें त्यानें मोबाईलच्या पडद्यावर बोटानें काढलीं होतीं, तीं दोनदां. दुसऱ्यानें लिहिलें होतें कीं, प्रयोगशाळा पांचला बंद होते आणि गांवची गाडी साडेसहाला आहे. मधला दीड तास आम्ही फाटकाबाहेर बसून काढतों. तिसऱ्याचें म्हणणें, ‘मॅडम मराठींत सांगतात तेव्हां समजतें, पण परीक्षेंत इंग्रजींत लिहितां येत नाहीं.’ आणखी एकानें: ‘चौघांच्या गटांत काम एकच करतो, गुण चौघांना.’ या तक्रारींत आळस कोठें आहे? श्रीगोंद्याहून, इंदापुराहून, कर्जतेहून येणारीं हीं मुलें. कित्येकांच्या घरांत महाविद्यालयाची पायरी चढणारें हेंच पहिलें माणूस. मीं तिला स्पष्ट म्हटलें, “पुन्हां करायला लावलेंस हें बरोबरच आहे. पण पुन्हां करायला साधन आहे कीं नाहीं, हें कोणी पाहावयाचें?” ती म्हणाली, “काका, तें मला आधीं कळायला हवें होतें. सत्र संपल्यावर कळून त्या मुलांना काय उपयोग?” या तिच्या बोलण्यांत पुढचें सारें होतें.

एक गोष्ट मात्र मी सोडणार नाहीं. त्या दोन पुरवण्यांत ‘मॅडम फार कडक आहेत’ हें वाक्य पांच वेळां आलें होतें. पुरुष शिक्षकास हाच मुलगा ‘शिस्तीचे’ म्हणतो. २०१५ सालीं अमेरिकेंत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एक पुरुष आणि एक स्त्री असे दोन शिक्षक संगणकावरून, तोंड न दाखवितां शिकवीत होते. प्रत्येकानें एका गटास आपल्या खऱ्या नांवानें व दुसऱ्या गटास दुसऱ्याच्या नांवानें शिकविलें. जेथें विद्यार्थ्यांस आपला शिक्षक पुरुष आहे असें वाटलें तेथें गुण अधिक पडले. वह्या सारख्याच दिवसांत परत करूनहि तत्परतेचे गुणसुद्धां कमी-अधिक झाले. विद्यार्थी अवघे ४३ होते, तेव्हां यावर फार मोठी इमारत उभारूं नये. पण वहिनींना हें सांगतांच त्या हंसल्या. त्यांना प्रयोगाची गरज वाटली नाहीं.

विभागप्रमुखांनीं सूनबाईकडे लेखी खुलासा मागितला होता. तिनें दोन पानें लिहिलीं आणि त्यांस प्रत्येक गटाचीं पहिली व दुसरी अशीं दोन्ही चित्रें जोडलीं. ‘सात ठिकाणें’ आणि ‘दोन ठिकाणें’ एवढेंच त्यांखालीं लिहिलें. विशेषण एकहि नव्हतें. मजकुरावर दादांनीं पेन्सिल चालविली आणि ‘खेदपूर्वक’ हा शब्द काढून टाकला. चैत्रांत उत्तर आलें. करार एका वर्षापुरता वाढविण्यांत आला आहे. मात्र ‘पुढील अभिप्रायांत सुधारणा अपेक्षित आहे’ अशी ओळ पत्रांत आहे. ती चित्रें कोणी पाहिलीं कीं नाहीं, याचा पत्रावरून बोध होत नाहीं.

मधल्या काळांत तिनें एक उद्योग केला. त्याच वर्गास तिच्याकडे पुढील सत्रांत प्रकल्पाचें मार्गदर्शन होतें. सत्राच्या शेवटाची वाट न पाहतां पांचव्या आठवड्यांतच तिनें आपला स्वतःचा कागद वाटला. प्रश्न पांच, भाषा मराठी, गुण कशालाच नाहींत. काम करावयास यंत्र आणि वेळ मिळतो काय? माझ्या टीकेनंतर तुम्हीं काय बदललें, तें एका वाक्यांत लिहा. कोठें अडलें? गटांत कोणी काय केलें? मीं काय थांबवावें? ‘डिझाइन’ला मराठींत काय लिहावयाचें यावरून घरांत दोन संध्याकाळ वाद झाला, दादा ‘आराखडा’ म्हणत, मी ‘रचना’, आणि वहिनींनीं ‘मांडणी’ सुचविलें. कागदावर मांडणी गेली.

उत्तरें आलीं तीं लांबलचक नव्हतीं, पण उपयोगाचीं होतीं. प्रयोगशाळेची किल्ली आतां आठवड्यांतून तीन दिवस तिच्याकडे असते, आणि साडेसहाच्या गाडीचीं मुलें तेथें बसतात. त्या दिवशीं तिची स्वतःची एस. टी. चुकते आणि शिरूरला पोंचावयास रात्र होते, याबद्दल वहिनींची कुरकुर चालू आहे. गटांत कोणी काय केलें हें आतां प्रत्येकानें वेगळें सांगावयाचें असतें. इंग्रजीचा प्रश्न तसाच आहे. एका मुलानें पांचव्या प्रश्नाखालीं लिहिलें होतें कीं, दुधाचा प्रश्न आतां खालच्या वर्गाला पाठ झाला आहे, पुढच्या वेळीं उसाचा द्या.

तो तिनें मान्य केला. लागवडीच्या नोंदी, त्या क्रमानें तोडणीचें वेळापत्रक, टोळ्या, गाड्या आणि काट्यावरचें वजन, एवढें तिनें लिहून काढलें आहे. मध्येंच कोणता बदल जाहीर करावयाचा, तें अर्थातच मुलांस सांगावयाचें नाहीं. दादांनीं बँकेंत असतांना पीककर्जाची खातीं पाहिलीं आहेत. पावसानें रस्ता बंद झाला तर तोडणीचा क्रम कसा उलटापालटा होतो, याची त्यांच्यापाशीं एक मोठी यादी तयार आहे, आणि ती ते कोणासहि दाखवीत नाहींत.